पीथमपूरला फायबर तुटली, तर इंदूरचं पोर्टही पडलं पाहिजे

"भिया, लाइन तो अप बता रही है, पर उधर का कुछ खुल नहीं रहा." असा ग्राहकाचा फोन आला की मी आधी पीथमपूरच्या बाजूचं पोर्ट बघते. बहुतेक वेळा कुठल्यातरी खोदकामात आमच्या राउटरपासून ग्राहकाच्या कारखान्यापर्यंतची शेवटच्या टप्प्यातली फायबर तुटलेली असते. त्याच्या इंदूरच्या हेड ऑफिसात मात्र पोर्टचा हिरवा दिवा छान लागलेला असतो.

ग्राहकाच्या दोन्ही राउटरना वाटतं, आपण एकाच तारेनं जोडलेले आहोत. प्रत्यक्षात मधे आमचं एमपीएलएस नेटवर्क (पाकिटांना लेबलं लावून पुढे नेणारं) आणि त्यावरची स्यूडोवायर, म्हणजे सलग तारेचा आभास देणारी जोडणी, असते. खरीच एक तार असती तर ती तुटताच दोन्हीकडचं पोर्ट पडलं असतं. इथे इंदूरच्या पोर्टला प्रकाश आमच्या इंदूरच्याच राउटरकडून मिळतो. पीथमपूरला काय झालं, ते त्या पोर्टला कुणी सांगितल्याशिवाय कळणार कसं?

ओएसपीएफ, म्हणजे राउटरनी आपसात बोलून रस्ते ठरवायची पद्धत, चालवणाऱ्यांचं त्यातल्या त्यात बरं. इथरनेटवर साधारणपणे १० सेकंदांना हॅलो आणि ४० सेकंदांनी शेजारी मेला असं धरतात. बीजीपी या तशाच दुसऱ्या पद्धतीत काही राउटरवर हीच वाट १८० सेकंदांची असते. खरे हाल स्टॅटिक रूटवाल्यांचे, म्हणजे रस्ता हाताने लिहून ठेवणाऱ्यांचे होतात. पोर्ट अप आहे तोवर मुख्य रूट टेबलातून हलत नाही आणि जास्त डिस्टन्स (म्हणजे कमी पसंती) देऊन ठेवलेला बॅकअप रूट जागाच होत नाही. दर महिन्याला बॅकअप लाइनचे पैसे भरणाऱ्या माणसाला ऐन वेळी ती मिळू नये, याचा मला मनापासून राग येतो. कारण यावर उपाय आहे: लिंक लॉस फॉरवर्डिंग, म्हणजे एका टोकाचं पोर्ट पडलं की दुसऱ्या टोकाचंही पाडणं.

पीथमपूरच्या राउटरला ग्राहकाकडचं पोर्ट पडलेलं दिसलं की तो एलडीपीच्या (स्यूडोवायर जुळवायला आमचे राउटर आपसात बोलतात ती भाषा) स्टेटस संदेशातून इंदूरच्या राउटरला तसं कळवतो. हा संदेश २००६ च्या आरएफसी ४४४७ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिलेला दस्तऐवज) ठरला; २०१७ मध्ये तिची जागा आरएफसी ८०७७ ने घेतली. संदेश मिळताच इंदूरचा राउटर ग्राहकाच्या पोर्टवरचा लेझर बंद करतो. ग्राहकाचं पोर्ट लगेच पडतं, स्टॅटिक रूट निघून जातो आणि बॅकअप चालू होतो.

यात एक तिढा मात्र आहे. इंदूरचं पोर्ट आपणच पाडलं आणि तेही बिघाड म्हणून पीथमपूरला कळवलं, तर दोन्ही बाजू एकमेकींमुळे पडून राहतात. फायबर जोडली तरी लाइन उठत नाही. म्हणून खरा बिघाड आणि मुद्दाम पाडलेलं पोर्ट यांतला फरक राउटरला कळावा लागतो. फायबरवर फक्त पाठवणारा लेझर बंद करून, येणाऱ्या प्रकाशावर लक्ष ठेवता येतं. तांब्याच्या पोर्टवर ही सोय नाही.

मधे मीडिया कन्व्हर्टर (तांब्याची तार आणि फायबर जोडणारा डबा) असेल तर त्याच्यावरची लिंक पास-थ्रूची बारकी स्विचही चालू लागते, नाहीतर निरोप तिथेच अडतो. आणि इंदूरच्या एकाच पोर्टवर वेगवेगळ्या व्हीलॅनमधून (एकाच तारेवर आभासी वेगळ्या केलेल्या लाइनींमधून) अनेक शाखा येत असतील, तर हे अजिबात लावू नका. एका शाखेपायी सगळ्या बंद पडतील. तिथे प्रत्येक व्हीलॅनवर बीएफडी, म्हणजे दोन टोकांनी सतत छोटे संदेश पाठवून रस्ता जिवंत आहे का ते बघणं, चालवणं बरं.

लाइन ताब्यात घेताना पिंग आणि स्पीड बघून सही करू नका. पीथमपूरच्या टोकाला फायबर उपसायला सांगा आणि इंदूरचं पोर्ट पडतंय ना, ते स्वतः बघा. परत लावल्यावर आपोआप उठतंय का, हेही बघा. वरचा तिढा असला तर तिथेच सापडतो. फायबरचे दोन्ही धागे (एक जाणारा, एक येणारा) वेगवेगळे काढून बघायला विसरू नका. एक जीबीच्या फायबर पोर्टवर ऑटो-निगोशिएशन (दोन्ही टोकांच्या पोर्टनी आपसात बोलून जुळवून घेणं) बंद असेल, तर आमच्याकडून ग्राहकाकडे जाणारा एकच धागा तुटल्याचं आमच्या राउटरला दिसतच नाही, मग तो पुढे कळवणार तरी काय?