नीरजच्या गोल्डच्या रात्री सिंगल कॉलमसाठी झालेलं भांडण

स्पोर्ट्स डेस्कवर काम करणाऱ्या माणसाला वर्ल्ड अॅथलेटिक्स चॅम्पियनशिप आवडते आणि तिचा रागही येतो. स्पर्धा युरोपात असली की फायनल्स तिथल्या संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्री, आणि आमची पानं सुटायची वेळ नेमकी तीच. २०२३ ला बुडापेस्टला १९ ते २७ ऑगस्ट अशी स्पर्धा होती आणि तो आठवडाच विचित्र होता. २३ तारखेला चांद्रयान उतरलं, दुसऱ्या दिवशी प्रज्ञानंद बुद्धिबळाच्या वर्ल्ड कपची फायनल कार्लसनकडून हरला, २६ ला प्रणॉयला बॅडमिंटनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ब्राँझ. आशिया कप ३० पासून सुरू होणार होता म्हणजे क्रिकेट जवळपास नाहीच, त्यामुळे आमच्या पानाला कधी नव्हे ते मोकळा श्वास घेता येत होता.

सुरुवात मात्र वाईट झाली. पहिल्याच दिवशी अविनाश साबळेची स्टीपलचेसची, म्हणजे ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची हीट, फायनलच्या आधीची पात्रता फेरी. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा पोरगा, २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये ८:११.२० धावून सिल्व्हर, गोल्ड फक्त पाच शतांश सेकंदांनी हुकलं होतं, त्यामुळे आमच्याकडे बीड आवृत्तीसाठी अर्धं पान आधीच मनातल्या मनात लावून ठेवलेलं. आणि हा हीटमध्ये सातवा, वेळ ८:२२.२४, संपलं. यावेळी नियम असा होता की प्रत्येक हीटमधले पहिले पाच फायनलला, बाकी वेळेवर कुणीही आत नाही. आधी चांगल्या वेळेच्या जोरावरही काही जण आत जायचे, ती पळवाट बंद केलेली. हे वाचकांना समजावून सांगणं फार अवघड गेलं कारण दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन यायला लागले, आमच्या पोराला बाहेर कसं काढलं म्हणून, काही जणांना तर आम्हीच बाहेर काढलंय असं वाटत होतं.

मग शनिवारी रात्री ते रिलेचं झालं. मोहम्मद अनस, अमोज जेकब, मोहम्मद अजमल आणि राजेश रमेश, ४ बाय ४०० ची हीट, २:५९.०५, आशियाई रेकॉर्ड, आणि पुढे फक्त अमेरिका २:५८.४७. शेवटच्या लॅपला अमेरिकनच्या मागे मागे निळा बनियन दिसत होता आणि आम्ही डेस्कवर सगळे उभे. वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या रिलेत भारत अमेरिकेला खेटून पळतोय हे मी तरी तोवर पाहिलं नव्हतं.

तर रविवार, २७ ऑगस्ट. आपल्या वेळेने ११:४५ ला भाल्याची फायनल, १२:३५ ला बायकांची ३००० मीटर स्टीपलचेस आणि १:०७ ला पुरुषांची रिले. तिन्हीत आपली माणसं. लांबच्या जिल्ह्यांची पानं "आज रात्री नीरजकडे लक्ष" असल्या शिळ्या होणाऱ्या हेडिंगवर अकराच्या आत सोडून दिली, त्याला इलाज नसतो, गाड्यांना पहाटेच्या आत पोचायचं असतं. पण वरून परवानगी काढून पुणे शहर आणि जवळ म्हणून सातारा, ही दोन पानं दीडपर्यंत रोखली होती. छपाईवाले वैतागलेले. आमचे पान लावणारे दादा, ज्यांना मी कधी चिडलेलं बघितलं नाही, तेही म्हणाले, "ताई, एक पस्तीसला मी हात वर करणार, मग गोल्ड येवो नाहीतर भूकंप."

लीडची दोन पानं करून ठेवली होती, एक गोल्डचं, एक सिल्व्हरचं. तिसरं, काहीच न मिळाल्याचं, करायला कुणी तयार नव्हतं. मी म्हटलं करूया, खेळ आहे, तर सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले. आणि नीरजचा पहिलाच थ्रो फाउल! खोलीत एकदम शांतता. भाल्यात बारा जण असतात, पहिल्या तीन थ्रोनंतर वरचे आठच राहतात आणि त्यांनाच पुढचे तीन मिळतात, म्हणजे एक फाउल गेला की हातात दोनच. मी मुकाट्याने तिसऱ्या पानाची फाइल उघडली.

दुसरा थ्रो ८८.१७.

ती फाइल मी बंद केली हे सांगायला नको. पण भाल्याची फायनल सोपी नसते, ८८.१७ नंतर अजून चार फेऱ्या बाकी आणि समोर पाकिस्तानचा अर्शद नदीम. त्याचं सुरुवातीला ७४.८०, मग ८२.१८, म्हणजे आमच्या नव्या मुलाने जाहीर करून टाकलं की हा संपला, आणि तिसऱ्याला त्याने ८७.८२ टाकला. पस्तीस सेंटिमीटरचा फरक. मी शाळेतल्या फूटपट्टीएवढा म्हटलं तर दादा म्हणाले फूटपट्टी तीसची असते ताई, जरा नीट लिहा. चौथ्याला पुन्हा ८७.१५. इकडे नीरज ८६.३२, ८४.६४, मग पाचव्याला ८७.७३. आणि मधेच खाली किशोर जेना आणि डी. पी. मनू, जे दोघं कुणाच्या हिशेबातच नव्हते, ते पहिल्या आठात टिकून होते. जेनाचा तर व्हिसा स्पर्धेच्या आधी हंगेरीच्या दूतावासाने रद्द केला होता, मग नीरजने ट्वीट करून आवाज उठवला आणि ते प्रकरण सुटलं. त्या माणसाने पाचव्या थ्रोला ८४.७७ टाकला.

या सगळ्याच्या मधेच १२:३५ झाले आणि मी रिमोटवाल्याला, म्हणजे आमच्या सीनियरना, म्हटलं सर, स्टीपलचेस. कुणाचं लक्ष नव्हतं. टीव्हीवर भाला राहिला आणि मी लॅपटॉपवर छोट्या खिडकीत पारुल चौधरी बघत होते. मेरठची मुलगी. हीटमध्ये ९:२४.२९ धावलेली आणि पॅरिस ऑलिम्पिकची पात्रता होती ९:२३.००. सव्वा सेकंदाने हुकलं होतं. स्टीपलचेस ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी, ३००० मीटरमध्ये अठ्ठावीस अडथळे आणि वर सात वेळा पाण्यातली उडी, आणि तो अडथळा हर्डल्ससारखा धक्का लागला की पडत नाही, जाड ओंडकाच असतो, पाय अडकला तर तुम्ही पडता. दमलेल्या पायांनी शेवटच्या लॅपला ते ओलांडायचं. पुढे विन्फ्रेड यावी ८:५४.२९ मध्ये जिंकली, चेपकोएच दुसरी, कॅमेरा अर्थातच तिकडे, आणि पारुल मागे कुठेतरी, मला फक्त निकालाची पट्टी आली. अकरावी. ९:१५.३१.

मी पट्टी दोनदा वाचली. चार दिवसांत नऊ सेकंद कमी! पॅरिसचं तिकीट तर मिळालंच, वर नॅशनल रेकॉर्ड.

"सर, नॅशनल रेकॉर्ड झालं."

"कुणाचं? नीरजचं नॅशनल रेकॉर्ड ८९.९४ आहे ना?"

"नीरज नाही सर, पारुल. स्टीपलचेस."

"मेडल?"

"अकरावी."

सर हसले नाहीत, वाईट माणूस नाहीत ते, पण म्हणाले, "अहो, आज अकराव्या नंबराची बातमी कोण वाचणार आहे? ब्रीफमध्ये टाका दोन ओळी."

आता पान काय होतं ते सांगते. वर आठ कॉलम नीरज, खाली त्याचा प्रवास, बाजूला सहा थ्रोंचा तक्ता, २००३ ला पॅरिसमध्ये अंजू बॉबी जॉर्जने लांब उडीत ६.७० मीटरवर मिळवलेल्या ब्राँझची आठवण, २०२२ ला यूजीनमधलं नीरजचं ८८.१३ चं सिल्व्हर, आणि उजवीकडे पूर्ण उभी चौकट, "मान्यवरांकडून अभिनंदन", ज्यात मेडल मिळायच्या आधीच कुणाकुणाचं अभिनंदन येणार याची जागा सोडून ठेवलेली. माझा डोळा त्या चौकटीवर. हे अभिनंदन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन जातं, छापील पानात त्याची काडीची गरज नसते, हे माझं जुनं मत आहे आणि ते मी त्या रात्री जरा मोठ्याने मांडलं.

सर म्हणाले ते काढता येणार नाही, वरचे विचारतील. मी म्हटलं मग नीरजचा प्रवास कमी करा, तो ऑलिम्पिकपासून सगळ्यांना पाठ आहे. तेही नाही. मग मला सुचलं आणि आधीच का सुचलं नाही असं वाटलं. पारुलने मोडलेलं रेकॉर्ड कुणाचं होतं? ललिता बाबरचं. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये हीटला ९:१९.७६ धावून ललिता फायनलला गेली होती, पी. टी. उषानंतर ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीत ऑलिम्पिक फायनल गाठणारी पहिली भारतीय बाई. आणि ललिता कुठली? माण तालुक्यातल्या मोहीची. सातारा!

"सर, आपण सातारा आवृत्ती रोखून धरलीय आणि साताऱ्याच्या मुलीचं सात वर्षांचं रेकॉर्ड आत्ता मोडलं, ते आपण ब्रीफमध्ये टाकणार?"

सर दोन सेकंद थांबले. मग म्हणाले, "सिंगल कॉलम. दहा सेंटिमीटर. दोन्ही आवृत्त्यांना. चौकटीतून घ्या, पण पंतप्रधान राहिले पाहिजेत."

मान्यवर खाली सरकले, म्हणजे बरेचसे उडालेच. दहा सेंटिमीटरमध्ये काय मावतं ते डेस्कवाल्यांना माहितीय, पण यावीचं नाव, पारुलची वेळ, ललिताची वेळ, पॅरिसची पात्रता आणि पासपोर्टएवढा फोटो एवढं मी कोंबलं. दादांनी मला न विचारता फोटो दोन मिलिमीटर वाढवला.

तेवढ्यात इकडे भाल्याच्या शेवटच्या फेऱ्या आणि तिकडे रिले, एकमेकांवरच आल्या जवळजवळ. मनूने शेवटच्या थ्रोला ८४.१४ टाकून सहावा नंबर घेतला, जेना पाचवा. शेवटच्या फेऱ्यांत क्रम उलटा असतो, म्हणजे पहिला असलेला सगळ्यात शेवटी टाकतो. अर्शदचा सहावा थ्रो ८१.८६ वर पडला आणि तिथेच संपलं, नीरजचा थ्रो बाकी असतानाच तो वर्ल्ड चॅम्पियन. भारताचं अॅथलेटिक्सच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमधलं पहिलं गोल्ड. कुणीतरी टेबलावर चढलं, खालून सिक्युरिटीचे काका वर आले काय झालं बघायला, छपाईतून फोन आला तो ओरडण्यासाठी नाही तर "झालं ना?" विचारायला. रिलेची टीम फायनलला पाचवी, २:५९.९२, जमैकाच्या मागे. वर्ल्डमध्ये पाचवी! ती बातमी दुसऱ्या कुठल्याही दिवशी पहिल्या पानावर गेली असती.

मग हेडिंग. नव्या मुलाने टाइप करून ठेवलं होतं ते मी इथे लिहीत नाही, पण त्यात पाकिस्तान होता आणि लोळवलं होतं. त्याचं म्हणणं लोक हेच वाचतात, आणि खोटं नव्हतं ते. माझं म्हणणं की मैदानात बारा जण होते, तिसरा आलेला चेक रिपब्लिकचा याकुब वाडलेच ८६.६७ टाकून गेला, त्याला आपण काय केलं मग? आणि अर्शदचं हे पाकिस्तानचं वर्ल्ड अॅथलेटिक्समधलं पहिलंच मेडल, ती पण बातमीच आहे. एक वीस झाले होते आणि हा वाद चालू. शेवटी वाद मिटवला तो एजन्सीने. फोटो आला. नीरजच्या हातात तिरंगा, आणि त्याने फोटोसाठी अर्शदला हाक मारून जवळ बोलावलेलं, अर्शदकडे झेंडा नाही, तसाच येऊन शेजारी उभा राहिलेला, दोघं हसतायत. त्या फोटोवर ते हेडिंग बसेचना. सर म्हणाले, "काढा ते, नुसतं 'नीरज विश्वविजेता' करा." साधं, पण बरोबर. फोटो मात्र त्यांनी नीरज एकट्याचाच मोठा घेतला आणि दोघांचा खाली, ते मला पटलं नव्हतं, आजही पटत नाही, विशेषतः पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये त्याच अर्शदने ९२.९७ टाकून ऑलिम्पिक रेकॉर्डसह गोल्ड नेलं आणि नीरज ८९.४५ वर सिल्व्हर, तेव्हा तर आम्ही सगळे तो खालचा फोटो शोधत होतो.

पान एक चौतीसला सुटलं. दादांनी हात वर केला नाही, चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी फोन आले ते नव्वद टक्के नीरजचे. माणमधून एका मास्तरांचा आला, ललिताचं रेकॉर्ड गेलं याचं वाईट वाटलं पण तुम्ही नाव छापलंत, बरं केलंत म्हणाले, आणि मग अर्धा तास पारुल कुठे ट्रेनिंग करते, तिचे कोच कोण, माणच्या पोरींना तिथे घेतील का, हेच विचारत होते.

ऑक्टोबरमध्ये हांगझोऊला एशियन गेम्स. १ तारखेला साबळेने स्टीपलचेसचं गोल्ड घेतलं, ८:१९.५०, बीडचं ते अर्धं पान अखेर लागलं. ३ तारखेला संध्याकाळी पारुल ५००० मीटरला, शेवटच्या काही मीटरपर्यंत जपानची हिरोनाका पुढे, आणि हिने आतल्या बाजूने तिला गाठलं, १५:१४.७५. गोल्ड. सर त्यांच्या खुर्चीतून ओरडले, "अहो, हिचा फोटो आहे का आपल्याकडे? मोठा लागेल!"

नव्या मुलाने सिस्टिममध्ये शोधलं. एजन्सीचा नवा फोटो यायच्या आधी आमच्याकडे तिचा एकच होता, पासपोर्टएवढा, आणि तो पाच कॉलमला ताणला तर फाटत होता.