आधी डोक्याचं ठरवा

"आमच्या मुलाला ऐतिहासिक सिनेमात काम मिळतंय, हो म्हणू का?" असं तुम्ही वरचेवर विचारता. म्हणा की. पण संवाद पाठ होतील का, ही काळजी सोडा. पाठांतर पोरांना आपल्यापेक्षा बरं जमतं. अडतं ते भलतीकडेच.

पेशवाईतला मुलगा म्हटला की घेरा आणि शेंडी आली. बाल्ड कॅप, म्हणजे टक्कल दाखवणारी पातळ टोपी, लावणार की खरी हजामत, हे करारावर सही करण्याआधी विचारा. कॅप बसवण्यात तासभर सहज जातो आणि उन्हात घामाने कपाळावरची कड सुटली की क्लोजअपमध्ये ती दिसतेच. म्हणून वस्तऱ्याची मागणी होते. पण नुकती भादरलेली टाळू चेहऱ्यापेक्षा उजळ असते. मग मेकअप दादा कपाळाचा रंग वर ओढत बसतात. त्यापेक्षा आठवडाभर आधी हजामत करा आणि पोराला कोवळ्या उन्हात खेळू द्या. पुढे दर दोन-तीन दिवसांनी वस्तरा फिरवावा लागतो, नाहीतर एकाच प्रसंगात डोकं कधी गुळगुळीत, कधी खुंटांचं दिसतं. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. शाळेचं गॅदरिंग, मावशीचं लग्न, सगळं त्या हिशेबाने बघा.

विग असेल तर तो चिकटवायचा गम आदल्या दिवशी कानामागे थोडासा लावून बघायला सांगा. पुरळ आलं तर शूटिंगच्या दिवशी कळून उपयोग नाही.

सहा-सात वर्षांचं मूल असेल तर खरी पंचाईत दातांची. शूटिंग दोन टप्प्यांत, मधे पावसाळा, आणि तेवढ्यात पुढचे दोन दात पडलेले. कथेत मात्र तोच दिवस चालू! दंतवैद्याकडून तात्पुरते दात करून घेता येतात, पण ते घातल्यावर 'स' आणि 'च' बोबडे येतात. दात हलायला लागला की लगेच सहायक दिग्दर्शकाला सांगा, म्हणजे क्लोजअप आधी उरकता येतात.

धोतर शिवलेलं, वेलक्रोचं मागा. नेसवलेलं धोतर बाथरूमच्या घाईत काय कामाचं? घड्याळाचा पांढरा पट्टा, मेंदी, नेलपॉलिश घरीच निस्तरा. वाड्याच्या चौकातली फरशी दुपारी चटके देते, म्हणून पाय फ्रेममध्ये नसतील तेव्हा चपला हव्यातच. उन्हाची तिरीप उठून दिसावी म्हणून धूर सोडतात. दम्याचा त्रास असेल तर तसं लेखी कळवा.

आता कागद. चौदा वर्षांखालच्या मुलासाठी निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. 2017 च्या नियमांप्रमाणे दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि सलग 27 दिवसांपेक्षा जास्त नाही. मानधनातले किमान 20 टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवेत. मोठ्यांची शिफ्ट बारा तासांची असते, त्यामुळे "अजून एकच शॉट" हे ऐकावं लागणारच. मेकअपच्या खुर्चीतला वेळ पाच तासांत धरणार की नाही, हेही आधी ठरवून घ्या.

मुलगा बारा-तेराचा असेल तर डबिंग लांबवू देऊ नका. सेटवरच्या जनरेटरमुळे किंवा रस्त्यावरच्या हॉर्नमुळे खराब झालेले संवाद नंतर स्टुडिओत पुन्हा बोलावे लागतात, आणि तोवर आवाज फुटला तर ते दुसऱ्याच कुणा पोराकडून करून घेतात.