नामसूचीतला अर्धविराम

पंचवटीतील देवळांवरच्या एका ग्रंथाची मांडणी मी सध्या नाशिकमध्ये करतो आहे. त्याची नामसूची वर्डमध्ये तयार करताना अक्षरक्रमाने मला बराच काळ अडवून ठेवले. लेखकाने सर्वत्र ‘श्री काळाराम मंदिर’ असे आदराने लिहिले असल्यामुळे ती नोंद ‘श’मध्ये गेली, आणि ‘१९३०चा सत्याग्रह’ ही नोंद आकड्याने सुरू होत असल्यामुळे ‘अ’च्याही आधी लागली. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला हा लढा वाचक ‘स’मध्ये शोधणार, तिथे तो सापडलाच पाहिजे.

इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदीशेजारी ‘सॉर्ट बाय’ असा वेगळा रकाना असतो. वर्डच्या खिडकीत तसा रकाना दिसत नाही, पण तेच काम एक अर्धविराम करतो. नोंदीच्या एक्सई फील्डमध्ये, म्हणजे सूचीसाठी मजकुरात घातलेल्या छुप्या खुणेत, अवतरणचिन्हांच्या आत ‘श्री काळाराम मंदिर;काळाराम मंदिर’ असे लिहिले, की अर्धविरामाआधीचा मजकूर छापला जातो आणि नंतरचा मजकूर फक्त क्रम ठरवतो. त्याप्रमाणे ‘१९३०चा सत्याग्रह;सत्याग्रह १९३०’ असे लिहून मी ती नोंद ‘स’मध्ये आणली, आणि लेखकाच्या शब्दांना हात लावावा लागला नाही, याचे मला विशेष समाधान आहे.

मराठीत याहून मोठा धोका अपूर्णविरामाचा (:) आहे, कारण फील्डमध्ये ते चिन्ह मुख्य नोंद आणि उपनोंद वेगळी करते. आपल्याकडे टंकलेखनाच्या जुन्या सवयीने विसर्गाच्या जागी सर्रास अपूर्णविराम दिला जातो. मी फील्ड हाताने लिहीत होतो, त्यामुळे ‘नि:शस्त्र प्रतिकार’ या नोंदीचे दोन तुकडे झाले: ‘नि’ ही मुख्य नोंद, आणि तिच्याखाली ‘शस्त्र प्रतिकार’. अर्थ नेमका उलटला! युनिकोडातील खरा विसर्ग टंकला की शब्द अखंड राहतो. अपूर्णविरामच हवा असेल, तर त्याच्याआधी उलटी तिरकी रेष द्यावी लागते. सगळे अपूर्णविराम एकगठ्ठा बदलणे मात्र चुकीचे ठरले असते, कारण उपनोंदी त्यांच्यावरच उभ्या होत्या. म्हणून प्रत्येक फील्ड मी डोळ्यांनी तपासले.

ही फील्ड लपलेल्या मजकुरात असतात. ती पडद्यावर उघडी ठेवून सूची अद्ययावत केली, तर पाने पुढे सरकतात आणि पृष्ठांक चुकतात; त्यामुळे आधी ती झाकली आणि मगच सूची अद्ययावत करणारी एफ नाइन ही कळ दाबली.