रंगावर जाऊ नका

खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्या मंडळींत एक प्रश्न हमखास येतो. कुणीतरी मोबाइल पुढे करतो आणि विचारतो, "दादा, हा कुठला ॲनिमोन?" ॲनिमोन म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी. फोटोत निळ्या दिव्याखाली झगझगणारा हिरवा झुबका आणि त्यात घुसलेला क्लाउनफिश, म्हणजे ॲनिमोनातच घर करणारा छोटा मासा. ज्याच्यावरून ओळखायचं, ते खोड तेवढं खडकाच्या फटीत!

रंगाचा तर काही उपयोगच नाही. बबल टिप, म्हणजे एन्टॅकमिया क्वाड्रिकलर, तपकिरी असतो, हिरवा असतो, लालभडकही असतो. बरं, नावातला बबल तरी टिकावा? तोही नाही. दुकानात टेंटॅकलच्या, म्हणजे बोटांसारख्या मऊ बाहूंच्या, टोकांना टपोरे फुगे. घरी आणला की काही आठवड्यांत फुगे गायब आणि नुसती लांब बोटं. प्रकाश, खाणं, क्लाउनफिशची सोबत, कारणं जो तो छातीठोकपणे सांगतो आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. फुगा असताना काचेला नाक लावून बघा मात्र. फुग्याच्या कमरेला पांढुरका पट्टा आणि अगदी टोकाला गुलाबी ठिपका. हे दिसलं आणि खोड गुळगुळीत, बिनपुटकुळ्यांचं निघालं, की मी निर्धास्तपणे बबल टिप म्हणतो.

खोडावर पुटकुळ्या असल्या तर गंमत वाढते. लाँग टेंटॅकल, मॅक्रोडॅक्टिला डोरिएन्सिस, पाय वाळूत खोल रोवून बसतो. त्याचं खोड खाली केशरी-लाल आणि वर ओळीने पुटकुळ्या. सीबे म्हणून जो विकतात तो बहुतेक वेळा हेटरॅक्टिस क्रिस्पा असतो: राखाडी, चिवट खोड आणि ठसठशीत, चिकट पुटकुळ्या.

आणि हाच क्रिस्पा कधीकधी "पांढराशुभ्र पीस आलाय, रेअर आहे, बघा तरी" म्हणून पुढे केला जातो. तो रेअर नसतो, उपाशी असतो. त्याच्या अंगात राहून त्याला अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवालं निघून गेलेली असतात. टोकांचा जांभळा रंग तेवढा शाबूत, म्हणून दिसतो मात्र राजबिंडा. पिवळाधमक दिसला तर बहुधा रंगवलेला. अशा जिवाची जात विचारत बसण्यापेक्षा तो तिथेच राहू द्यावा, हे माझं मत.

गालिच्यासारख्या पसरणाऱ्या मोठ्या कार्पेट जातींत हॅडोनी असा चिकटतो की बोट सोडवून घ्यावं लागतं. गिगॅन्टिआची आखूड टेंटॅकल्स सतत वळवळत असतात. मर्टेन्साय समुद्रात मीटरभर पसरतो, तेव्हा फ्लॅटमध्ये तो विषयच संपला.

"पण क्लाउनफिश बसलाय ना त्यात?" असं कुणी म्हणतोच. हा साक्षीदार फितूर आहे. ओसेलॅरिस जातीचा क्लाउनफिश समुद्रात मॅग्निफिका, गिगॅन्टिआ आणि मर्टेन्साय या ॲनिमोनांमध्ये राहतो. टाकीत बबल टिपही चालवून घेतो, आणि काही नसलं तर पंपाच्या कोपऱ्यात संसार मांडतो. त्यात अभ्यासकही अधूनमधून नावांच्या पाट्या बदलतात. हेटरॅक्टिस मॅग्निफिका पाठ होतंय तोवर तो रेडियान्थस झाला.

जो ओळखता येत नाही असं म्हणणारा एकही माणूस भेटला नाही, असा ॲनिमोन एकच: आयप्टेसिया. पारदर्शक, तपकिरी, इवलासा, खडकाबरोबर फुकट येणारा. हा खरवडून काढू नये. पायाचा कण राहिला तरी त्यातून नवा उगवतो. पेपरमिंट कोळंबी सोडावी आणि ती त्यालाच खाईल अशी आशा करावी.