पिवळं पाकीट

आज गाडीच्या काचेवर कौन्सिलचं, म्हणजे इथल्या इंग्लंडमधल्या पालिकेचं, पिवळं पाकीट: पार्किंगच्या दंडाची नोटीस! दंड ५० पौंड, १४ दिवसांत भरला तर २५. नवरा म्हणाला, "भरून मोकळे होऊ, कशाला कटकट?" या सवलतीची गंमतच ही आहे, चूक नसलेला माणूसही घाबरून पैसे भरतो.

पण पार्किंगच्या तिकिटाची वेळ ४ वाजता संपली होती आणि नोटिशीवर ४.०६ छापलंय. इंग्लंडमध्ये २०१५ पासून कौन्सिलच्या पार्किंगला वेळ संपल्यावर १० मिनिटांची मुभा आहे. म्हणजे पुरावा त्यांनीच लिहून दिलाय! दोन्हींचे फोटो जोडून लगेच हरकत पाठवली.

१४ दिवसांच्या आत हरकत घेतली आणि ती फेटाळली गेली, तर बहुतेक कौन्सिलं अर्ध्या दंडाची संधी पुन्हा देतात. हे किती जणांना माहीत असतं? एकदा पैसे भरले की मात्र प्रकरण बंद. पैसे न भरता लढत राहिलो, तर पुढे घरी 'नोटीस टू ओनर' (गाडीमालकाच्या नावे रीतसर नोटीस) आली की २८ दिवसांत रीतसर हरकत, तीही नाकारली तर स्वतंत्र ट्रायब्युनल, म्हणजे न्यायाधिकरण. तिथे फी नाही, पण हरलो तर सहसा पूर्ण ५०.

सुपरमार्केटच्या आवारातल्या खासगी नोटिशींचं प्रकरण वेगळंच, त्यावर नंतर कधीतरी.