गूळ असा काळपट का आणता?

‘साखर सोडलीत ते कळलं, पण गूळ असा मातकट रंगाचा कशाला? बाजारात पिवळाधमक मिळतो की!’ गूळ खाणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर.

आधी एक भाबडी समजूत बाजूला ठेवू. गूळ नैसर्गिक आणि साखर तेवढी कारखान्याची, असं काही नसतं. गूळ उसाला लागत नाही, तो काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या उथळ कढईत, तयार होतो. कारखान्यात रस चुना आणि गंधकाच्या धुराने साफ करतात, आटवून साखरेचे दाणे वेगळे काढतात आणि उरलेली मळी बाजूला करतात. गुऱ्हाळात दाणे वेगळे न काढता सगळा रसच आटवतात. (गुऱ्हाळातही ‘मळी’ म्हणतात, पण ती म्हणजे रसावर येणारी घाण. शब्द एक, वस्तू दोन.)

रंगाची गोष्ट या मळीपासूनच सुरू होते. चरकातून आलेला रस गढूळ आणि किंचित आंबट असतो. काहिलीत तो तापू लागला की चुन्याची निवळी बेताने घालतात आणि रानभेंडीची खोडं ठेचून भिजवलेलं बुळबुळीत पाणी ओततात. त्या चिकट पाण्यात माती, चिपाडाचे बारीक कण आणि रसातली प्रथिनं अडकतात आणि काळपट जाड थर होऊन वर येतात. रस खदखदून उकळायच्या आत हा थर झाऱ्याने काढून टाकावा लागतो. उकळी फुटली की तो परत रसात मिसळतो, मग काही इलाज नाही. फेस उतू जायला लागला की तेलाचे चार थेंब टाकतात. १०५-१०६ अंशांना उतरवली तर काकवी, ११८ च्या आसपास गूळ. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, थर्मामीटर बघत नाही. गार पाण्यात थेंब टाकतो आणि बोटांनी घट्ट गोळी वळली की काहील उतरवायला सांगतो.

एवढं सगळं नीट झालं तर गुळाला सोनेरी तपकिरी रंग येतो. पण सौद्यात, म्हणजे बाजारातल्या लिलावात, भाव मिळतो तो पिवळ्या रंगाला, म्हणून काहिलीत हायड्रॉस पडतं. हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, कापडाच्या रंगकामातही वापरतात ती पांढरी पूड. तिने रंग क्षणात उडतो आणि गंधकाचा अंश गुळात राहतो. म्हणजे गंधकाला घाबरून साखर सोडायची आणि तोच गंधक पिवळ्या ढेपेतून घरी आणायचा! दोष गुळव्याचा आहेच, पण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचा मला जास्त वाटतो.

मात्र काळा म्हणजे शुद्ध, हा नवा भ्रमही तितकाच खोटा. मळी नीट काढली नाही, चुना जास्त झाला किंवा पाक करपला, तरी गूळ काळाच होतो. करपलेला जिभेला कडवट लागतो. खारवट लागला तर ऊस चोपण, म्हणजे क्षारांनी बिघडलेल्या, जमिनीतला असू शकतो. उसाची तोड होऊन दोन-तीन दिवस उलटले असतील तर रसातली साखर फुटते आणि ढेप घट्ट बसत नाही, चिकट राहते. अशा वेळी, आणि साखर गुळापेक्षा स्वस्त झाली की एरवीही, काहिलीत साखरेची पोती रिकामी होतात. अशी ढेप फोडली की आत टोकदार, चकाकणारे दाणे दिसतात आणि ती दगडासारखी कडक असते.

घरी करण्याजोगी परीक्षा साधी आहे. चमचाभर गूळ पेलाभर कोमट पाण्यात विरघळवून अर्धा तास ठेवा. तळाशी थोडी काळी माती बसली तर हरकत नाही, पांढरा साका बसला तर खडूची भुकटी असू शकते. हायड्रॉस मात्र यात सापडत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. म्हणून विकणाऱ्याला ‘सेंद्रिय आहे का’ असं विचारण्यात अर्थ नाही. ऊस कधी तोडला होता, मळी कशाने काढली आणि रंगासाठी काय घातलं, हे विचारा.

भावाचा हिशेबही करून बघा. टनभर उसाचा साधारण १०० ते १२० किलो गूळ होतो, म्हणजे एका किलोला सव्वाआठ ते दहा किलो ऊस. २०२४-२५ च्या हंगामात उसाचा किमान दर क्विंटलला ३४० रुपये होता. नुसता ऊसच अठ्ठावीस ते चौतीस रुपयांचा झाला. त्यावर मजुरी, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा. तेव्हा चाळीस रुपये किलोचा ‘शुद्ध’ गूळ कुणाच्या पदरमोडीतून येतो, ते बघायला हवं.

तब्येतीचं म्हणाल तर गूळ औषध नव्हे. १०० ग्रॅममध्ये साखरेच्या ४०० कॅलरी, गुळाच्या ३८० च्या आसपास. लोह असतं, पण दहा ग्रॅमच्या खड्यातून मिळतं ते नगण्य. मधुमेह असेल तर गूळही तेवढाच वर्ज्य. मी तो निवडतो चवीसाठी, आणि त्यात काय पडलंय हे विचारता येतं म्हणून.

खरेदी जानेवारी-फेब्रुवारीत करावी. तेव्हा ऊस पक्व असतो. पावसाळ्यात गूळ हवेतलं पाणी ओढून पाझरतो, म्हणून ढेप फोडून, खडे करून कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. रंग महिन्या-दोन महिन्यांत आणखी गडद होईल, त्याला घाबरू नका.

आता चहा, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. गूळ आंबटसर असतो, म्हणून उकळत्या दुधात पडला की चहा फुटतो. चहा दुधासकट उकळून गाळा आणि किसलेला गूळ कपात घालून ढवळा. साखर एक चमचा घेत असाल तर गूळ सव्वा चमचा. सोड्याची चिमूट टाकून फुटणं थांबतं, पण चव जाते. आलं मात्र आधी पाण्यातच चांगलं उकळू द्या. कच्चं आलं दुधात पडलं की त्यानेही दूध फाटतं, आणि बोल गुळाला लागतो.