ऋणनिर्देशाचं पान

प्रबंधांची इंग्रजी तपासताना ऋणनिर्देशाचं पान मी शेवटी वाचतो. त्यात नवं काही नसतं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनीही साहित्यचौर्याच्या तपासणीतून ते वगळलंय. म्हणजे इथे कुणी कुणाचं उतरवून घेतलं तरी टक्केवारी वाढत नाही!

त्या दिवशी फोंड्यातल्या माझ्या टेबलावर दोन प्रबंध एकदम आले, दोन्ही गोव्यातल्या खाजन जमिनींवरचे, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतांवरचे. एक चोडणच्या मुलीचा, मातीच्या खारटपणावर. दुसरा एका ब्रिटिश संशोधिकेचा. तिला फक्त गावांची नि माणसांची नावं तपासून हवी होती.

मुलीचा ऋणनिर्देश दीड पान. सुरुवात 'आय टेक धिस ऑपॉर्च्युनिटी', मार्गदर्शकांना 'डीप सेन्स ऑफ ग्रॅटिट्यूड', मग विभागप्रमुख, डीन, ग्रंथपाल, प्रयोगशाळा, आईवडील, देव. लग्नपत्रिकेतल्या नावांसारखा क्रम, एक खालीवर झालं तर कुणीतरी रुसणार. ब्रिटिश बाईंनी मार्गदर्शकांना नुसत्या पहिल्या नावाने एका वाक्यात उरकलेलं. घरच्या मांजराला त्याहून जास्त जागा. पण पहिल्याच परिच्छेदात मानशीची, म्हणजे बांधातून भरती-ओहोटीचं पाणी आतबाहेर सोडणाऱ्या वाटेची, दारं उघडझाप करणारे एक म्हातारे होते, नावगावासकट.

संध्याकाळी मुलगी आली तेव्हा ते नाव दाखवलं.

"हे तर आमच्या वाड्यावरचे काका! माझे नमुने त्यांनीच काढून दिले."

"मग तुझ्या पानावर कुठेत?"

"शेवटच्या ओळीत, सर."

शेवटची ओळ म्हणजे प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मदत करणाऱ्या सर्वांचे आभार.

भाषाभ्यासक केन हायलंड यांनी हाँगकाँगच्या विद्यार्थ्यांच्या २४० प्रबंधांतले ऋणनिर्देश तपासले होते. त्यांना तीन टप्पे दिसले: वाटचालीवर दोन शब्द, आभार, आणि शेवटी चुकांची जबाबदारी किंवा अर्पण. पहिला आणि तिसरा काहीजण गाळतात, मधला कुणी गाळत नाही. इंग्रजी परकी, म्हणून आपली मुलं साच्यात लिहितात, असं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. प्रबंधावर मार्गदर्शकांची सही लागते, तोंडी परीक्षा पुढे उभी असते. अशा वेळी कोण मोकळं लिहील? आणि साचे इंग्रजांचेही असतातच. 'उरलेल्या चुका माझ्या' हे वाक्य त्यांच्याकडेही घासून गुळगुळीत झालंय. मला तर ते मांजरही ठरीवच वाटलं.

मार्गदर्शकांचा परिच्छेद निम्मा कर, असं सुचवलं. ती हात लावू देईना. "व्हायवा व्हायचीय अजून, सर."

काकांचं नाव मात्र लगेच घातलं. आता प्रश्न जागेचा. डीननंतर, की वाड्यावरचे म्हणून घरच्यांत? तिने थोडा विचार केला. "प्रयोगशाळेच्या आधी. माती पहिली त्यांच्या हातात आली, मग यंत्रात गेली." त्यांच्यापुढे तिने सवयीने 'काइंड को-ऑपरेशन' लिहिलं, ते मी खोडलं. ओहोटीच्या वेळा सांगितल्या, गुडघाभर चिखलात उतरून नमुने काढले, हे साध्या इंग्रजीत लिहायला लावलं.

"मग ती शेवटची ओळ काढूया?"

"राहू दे, सर. आणखी कोण राहून गेलं असेल तर?"